नूर्डमार्कातली ओंडके सोडायची जुनी धरणं: डबी सापडते, धरण दिसत नाही

उत्तरध्रुवी:

नमस्कार मंडळी. मी ओस्लोत राहते. सुट्टीच्या दिवशी घरात पाय ठरत नाही म्हणून जिओकॅशिंग करते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: कुणीतरी रानात घट्ट झाकणाची एक डबी, म्हणजे 'कॅश', लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश नोंदवतं. आपण फोन घेऊन ती हुडकायची, आतल्या वहीत नाव-तारीख घालायची आणि डबी होती तिथे ठेवून परत यायचं. बक्षीस काही नाही. तरी लोक पावसात, चिखलात, डास सहन करत हे करतात. मीही करते.

शहराच्या उत्तरेला नूर्डमार्का नावाचं अफाट जंगल आहे. स्प्रूसची झाडं, दलदल आणि मोजता येणार नाहीत इतकी तळी. तिथल्या बऱ्याच कॅश एखाद्या तळ्याच्या तोंडाशी असतात आणि वर्णनात एवढंच असतं की इथे पूर्वी ओंडके सोडायचं धरण होतं. मी पोचते, डबी एखाद्या मुळाखाली मिळते, सही करते. मग धरण शोधायला मान वर करते तर समोर शेवाळलेल्या दगडांचा ढीग आणि त्यातून वाट काढणारा ओहोळ. नवरा विचारतो, "हे दगड बघायला आलो?" मला उत्तर देता येत नाही.

माझी मूळ अडचण अगदी बाळबोध आहे. ओंडके पाण्यावरून वाहून न्यायचे तर पाणी वाहतं हवं. धरण पाणी अडवतं. मग ओंडके नेण्यासाठी धरण कशाला? आणि इतक्या चिमुकल्या तळ्यांवर? तिथे गेल्यावर नेमकं काय बघायचं, म्हणजे तो ढीग मला ढीग वाटणार नाही?

जाता जाता आणखी एक. मला स्वतःची एक कॅश अशा जागी लपवायची आहे. भिंतीच्या दगडांमध्ये छान फटी असतात. तिथे ठेवली तर?

नुसताच_वाचक:

छोट्या विजेसाठी असतील. नॉर्वेत सगळं जलविद्युतच असतं ना?

पाटकरी:

नाही हो, वीज नंतरची. ही धरणं दिव्यांच्या आधीची आहेत.

उत्तरध्रुवीताई, नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, आता उन्हाळा लेकीकडे ओस्लोला काढतो. जिओकॅशिंग नात करते, मी मागून काठी टेकत जातो. तिला डबी हवी असते, मला सांडवा. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

तुमचा प्रश्न बाळबोध अजिबात नाही, तोच खरा प्रश्न आहे. झाडं तोडायची हिवाळ्यात. बर्फावरून घोडा आणि घसरगाडी लावून ओंडका सहज ओढता येतो, उन्हाळ्यात त्याच दलदलीत घोडा पोटापर्यंत रुतेल. तर हिवाळाभर ओंडके ओढून तळ्याच्या काठी किंवा थेट गोठलेल्या तळ्यावर रचून ठेवायचे. वसंतात बर्फ वितळला की माल आपोआप पाण्यात. इथपर्यंत निसर्ग फुकट काम करतो. अडचण पुढे आहे. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाणारा ओढा तुम्ही पाहिलाच आहे, एरवी त्यात घोटाही बुडत नाही. फूटभर जाडीचा ओंडका त्यात पहिल्या दगडाला अडकेल, त्यामागे दुसरा, आणि अर्ध्या तासात काडेपेटी उपडी केल्यासारखा गुंता. बर्फ वितळण्याचा पूर येतो तो थोडे दिवस, आणि तोही रात्री थंडी पडली की मंदावतो. म्हणून वितळलेलं पाणी तळ्याच्या तोंडाशी अडवून साठवायचं आणि आपल्याला हवं तेव्हा, हवं तितकं, एका दमात सोडायचं. धरण पाणी अडवण्यासाठी नाही, पाण्याची वेळ ठरवण्यासाठी आहे.

चिमुकल्या तळ्यांवर का, याचं उत्तर आकडेमोडीत आहे. समजा तळं दहा हेक्टरचं. तोंड अरुंद, कातळातलं. तिथे दीड मीटर उंचीचा बांध घातला की दीड लाख घनमीटर पाणी जास्तीचं जमा झालं. ते सेकंदाला पाच घनमीटर या वेगाने सोडलं तर आठ तासांहून थोडं अधिक पुरतं. म्हणजे एक अख्खी पाळी! एका दिवसाचं काम निघालं. आणि खर्च किती, तर दहा-पंधरा मीटर लांबीची भिंत. आमच्या खात्यात साठा आणि बांधकाम यांचं असं गुणोत्तर मिळालं असतं तर मुख्य अभियंत्याने पेढे वाटले असते. तळं निसर्गाने आधीच खोदून ठेवलंय, माणसाने फक्त बूच लावलं.

आता यात एक गंमत आहे, ती फार कमी फलकांवर लिहिलेली असते. दार उघडल्यावर पुराची लाट ओढ्यातून ज्या वेगाने पुढे जाते, तो वेग पाण्याच्या स्वतःच्या वेगापेक्षा जास्त असतो. ओंडका जातो पाण्याच्या वेगाने, लाट त्याच्या पुढे पळते. त्यामुळे नुसतं भसकन पाणी सोडून भागत नाही. ओंडका मागे राहील आणि पाणी ओसरल्यावर दगडांत बसेल. पाणी बराच वेळ टिकवून धरावं लागतं आणि शक्य असेल तिथे खालच्या तळ्याचं धरण योग्य वेळी उघडून त्यात भर घालावी लागते. म्हणूनच ही धरणं एकटी नसतात, माळेने असतात. तुमच्या फोनवर एक डबी दिसते, पण ती जागा एका लांब यंत्राचा एक सुटा भाग आहे. वरचं तळं आणि खालचं तळं नकाशावर बघितल्याशिवाय मधल्या दगडांचा अर्थ लागत नाही.

बघायचं काय ते सांगतो.

आधी भिंत. पुष्कळ ठिकाणी ती निव्वळ कोरड्या दगडांची नसते. ओंडक्यांच्या पेट्या करायच्या, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत बसवलेल्या, आपण चौकट रचतो तशा, आणि त्या पोकळीत दगड भरायचे. पाण्याच्या बाजूने फळ्या ठोकायच्या आणि फटी मुरूम, दलदलीतली पीट माती आणि शेवाळाने बुजवायच्या. आज पेटी कुजून गेलेली असते आणि पोटातले दगड पसरलेले असतात. तुम्हाला दिसतो तो ढीग म्हणजे भिंत नव्हे, भिंतीच्या पोटातला ऐवज. ढिगात चौकोनी आकार शोधा, कडेने एखादा करडा, पिचलेला ओंडका आडवा दिसेल. पाण्यावरचं लाकूड कुजतं, कायम पाण्याखाली राहिलेलं फार काळ टिकतं, कारण त्यात प्राणवायू फारसा पोचत नाही. तेव्हा ओहोळात वाकून बघा. तळाशी प्रवाहाला आडवा पडलेला जाड ओंडका दिसला तर तो उंबरठा. त्याच्यावर दार टेकायचं. त्याच्या खालच्या अंगाला फळ्यांची फरशी असते, पडत्या पाण्याने पाया खणला जाऊ नये म्हणून. आमच्याकडे काँक्रीटची करतात, तत्त्व तेच.

मग दार. इथे माझा जीव रमतो. दारं साधारण दोन जातींची. एकात दोन्ही बाजूंना उभ्या खाचा आणि त्यांत आडव्या फळ्या एकावर एक. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे ज्याने घातले-काढलेत त्याला हे वेगळं समजावायला नको. दुसऱ्या जातीत खाली उंबरठा, वर एक आडवी तुळई आणि त्या दोहोंना टेकून उभ्या दांड्यांची रांग. एकेक दांडा वर ओढून काढायचा, पाहिजे तेवढीच फट करायची. दगडात उभी खाच दिसली तर पहिली जात. खाच नाही, पण वर दोन्ही बाजूंना तुळई बसायची खोबण दिसली तर दुसरी.

पहिल्या जातीत तळाची फळी काढणं म्हणजे खरी परीक्षा. दोन मीटर पाण्याखाली दर चौरस मीटरला जवळजवळ दोन टन दाब असतो. फळी दोन मीटर लांब आणि वीतभर रुंद धरली तरी पाऊण टनाहून अधिक भार तिला खाचेवर दाबून धरतो, आणि लाकूड ओलं, फुगलेलं. हाताने उपसणं शक्य नाही, तरफ लागते. म्हणून दाराच्या वरच्या काठावर, कातळात किंवा मोठ्या धोंड्यात, लोखंडी कड्या किंवा गज बसवलेले मिळतात. गंजलेले असतात. लोक त्यांना अडखळतात आणि पुढे जातात.

तिसरी गोष्ट, मागे वळून तळ्याकडे बघा. धरण फुटलं किंवा सोडून दिलं की पाणी मूळ पातळीला उतरतं. जुन्या आणि नव्या काठाच्या मधला पट्टा वेगळा दिसतो, एका उंचीत झाडं कोवळी किंवा नुसतं गवत आणि दलदल, त्यावर एकदम जुनं जंगल. डोळा बसला की तळ्याभोवती कुणी पट्टीने रेघ ओढल्यासारखी ती रेषा दिसते. तिच्यावरून धरण किती उंच होतं ते भिंत नसली तरी सांगता येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: डबीवर सही झाली की लगेच परत फिरू नका. ओढ्याच्या कडेने खाली उतरा, निदान पहिल्या दोन वळणांपर्यंत. वळणाच्या बाहेरच्या अंगाला हाताने रचलेली बुटकी दगडी भिंत मिळेल. ओंडका काठात घुसू नये, घसरून पुढे जावा म्हणून ती बांधलेली. कुठे ओढा अचानक सरळ आणि अरुंद होतो, धोंडे बाजूला सारलेले, एखाद्या धोंड्यात सुरुंगाचं अर्धगोल छिद्र राहिलेलं. माझ्या मते हेच खरे अवशेष. तळ्याचं तोंड बांधणं कुणालाही सुचेल, पण कोसभर ओढा ओंडक्याच्या सोयीने घडवून ठेवणं हे पिढ्यानपिढ्यांचं काम आहे. त्यावर मात्र कुणी कॅश ठेवत नाही.

एक सावधगिरी. काही बांधांवर काँक्रीटची टोपी किंवा नवं लोखंडी दार दिसेल. नूर्डमार्कातलं बरंचसं पाणी उतरतं मारीडालस्वान्ने तलावात, आणि ओस्लोचं पिण्याचं पाणी प्रामुख्याने तिथून येतं. तेव्हा चालू स्थितीतल्या बांधाच्या दाराला, साखळीला हात लावायचा नाही.

भिंतीत डबी ठेवण्याबद्दल: नका ठेवू. नियमातलं कारण पुढे कुणीतरी लिहीलच, मी फक्त अभियंत्याचं सांगतो. कोरड्या रचाईत प्रत्येक दगड दुसऱ्याला धरून असतो. डबी शोधणारा माणूस एक दगड ओढून बघतो, मग शेजारचा. वर्षभरात डझनावारी लोक. हिवाळ्यात मोकळ्या झालेल्या फटीत पाणी गोठतं आणि उरलेलं काम बर्फ करतो.

कॉर्डखालचा_कोकणी:

पाटकरीकाका, दंडवत! नॉर्वेतच, पण मी ग्लोमा नदीच्या बाजूला. दोन ठिकाणांची भर घालतो.

एक, फेटसुंड. ग्लोमावरून येणारे लाखो ओंडके इथे अडवून वेगळे केले जायचे. प्रत्येक मालकाची खूण ओंडक्याच्या तोंडावर कुऱ्हाडीने ठोकलेली असायची, ती वाचून ज्याचा माल त्याच्या कप्प्यात. 1985 साली हे काम थांबलं, आता संग्रहालय आहे, पाण्यावरचे तराफे आणि अडसर जागेवर आहेत. वर डोंगरात धरणाचा दगड बघून आलात की इथे त्या साखळीचं शेवटचं टोक बघा, चित्र पुरं होतं. शेजारच्या स्वीडनमध्ये क्लार नदीवर तर 1991 पर्यंत ओंडके सोडत होते. म्हणजे हा फार पुरातन मामला नाही, आमच्या शेजारचे आजोबा तरुणपणी हातात आकडी घेऊन ओंडक्यांवर चाललेले आहेत.

दुसरं, एइडस्कूगमधला सूट कालवा. एंगेब्रेट सूट नावाच्या माणसाने 1849 मध्ये पुरा केला. लांबी जेमतेम दीड किलोमीटर, पण सोळा कप्प्यांची जलपायरी करून ओंडके सोळा मीटर वर चढवायचे, म्हणजे ते पाणलोट ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात, हाल्डेनच्या लाकूड कापायच्या गिरण्यांकडे जावेत. पाणी खाली जातं हे आपण शिकलो, या बुवाने लाकूड वर नेलं.

पाटकरी:

वर नेण्यावरून शेरातेन आठवलं, ओंडके डोंगरावर चढवायची जुनी यंत्रणा, ते राहिलंच होतं. स्टाइन्सफ्योर्डच्या काठी ओसा गाव आहे, ओस्लोहून गाडीने जाता येतं. तिथल्या भागातून सोडलेलं लाकूड निसर्गनियमाने द्रामेनच्या दिशेला जायचं. पेडर अँकर या बड्या जमीनदाराच्या गिरण्या होत्या ओस्लोच्या अंगाला. मग त्याच्यासाठी सॅम्युएल बॅगे या अभियंत्याने डोंगरावर साखळ्यांची मालिका बसवली, साखळ्या फिरवायला पाणचक्क्या, आणि ओंडके चार किलोमीटरच्या चढावरून सुमारे 390 मीटर उंच नेले. वर पोचले की पुन्हा तळी, धरणं, ओढे आणि सोर्केडालेन खोऱ्याच्या बाजूने उतार. 1800 नंतरच्या पहिल्या दशकात सुरू झालं आणि 1850 च्या सुमारास बंद पडलं.

मला त्यात साखळीपेक्षा पाण्याचं नियोजन मोठं वाटतं. चक्क्यांना पाणी हवं, ते डोंगरमाथ्यावरच्या तळ्यांत साठवायचं. वरून ओंडका सोडायलाही पाणी हवं, तेही त्याच डोंगरातलं. एकाच साठ्यावर दोन मागण्या. भांडणं झाली असणार, खात्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पायवाट आहे, चढ दमवणारा आहे, भिंतींचे आणि पाटांचे अवशेष वाटेवर दिसतात.

नियमपंडित:

पंडितगिरी करायला आलो, नावाला जागतो.

उत्तरध्रुवी, भिंतीत कॅश ठेवायला नव्या कॅश तपासणारा परीक्षक परवानगी देणार नाही, दिली तर मी तक्रार करेन. जमीन खणायची नाही, बांधकामाला इजा करायची नाही, जमीनमालकाची संमती हवी आणि दुसऱ्या कॅशपासून निदान 161 मीटर अंतर हवं. नॉर्वेत 1957 च्या कायद्याने मोकळ्या रानात फिरायचा हक्क सगळ्यांना आहे, पण फिरण्याचा हक्क म्हणजे वस्तू ठेवून यायचा हक्क नव्हे. नूर्डमार्काचा मोठा भाग खाजगी मालकीचा आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

वारसा कायद्याचं असं आहे की 1537 च्या आधीचे अवशेष आपोआप संरक्षित होतात. ओंडक्यांची बहुतेक धरणं त्यानंतरची, त्यामुळे त्यांना हे कवच आपोआप मिळत नाही. लोक याचा अर्थ "मग चालतंय" असा काढतात. मी उलटा काढतो: कायदा राखत नाही तर आपण जास्त जपायला हवं. कुल्तुरमिनेसोक या सरकारी संकेतस्थळावर नोंदलेल्या वास्तू नकाशावर दिसतात, आधी तिथे बघ.

आणि घराबाहेर पडण्याआधीचं काम: सरकारी उंची-नकाशांत लेझरने मोजलेली जमीन मिळते, झाडं वगळून नुसता पृष्ठभाग. तळ्याच्या तोंडाशी सरळ रेघेत उंचवटा दिसला की समजावं. निसर्ग सहसा पट्टी वापरत नाही. जंगलात उभं राहून जे दिसत नाही ते घरी चहा पिताना दिसतं.

कौरीच्या_देशात:

न्यूझीलंडहून. इकडे अशी धरणं आहेत पण तऱ्हा वेगळी, म्हणून लिहिते.

आमच्याकडे बर्फ वितळण्याचा पूर नाही, पाऊस आहे. आणि लाकूड म्हणजे कौरी, खोडाचा घेर असा की चार-पाच जणांनी हात धरले तरी पुरा होणार नाही. असा ओंडका हलवायला पाटकरीकाकांचं आठ तासांचं सबुरीचं पाणी उपयोगाचं नाही. इथे पूर्ण लाकडी धरण दरीत उभं करायचे, दार उभ्या फळ्यांचं, एका खुंटीवर अडलेलं. तळं भरलं की खुंटी निसटवायची, फळ्या एकदम सुटतात आणि अख्खी दरी दणाणते. फळ्या वाहून जाऊ नयेत म्हणून त्या साखळीने किंवा तारेने बांधलेल्या, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा वापरता येतात. वरची छोटी धरणं आणि मुख्य धरण यांचा मेळ घालून सोडायचे, म्हणजे पाणी एकत्र येईल.

कोरोमंडल द्वीपकल्पात, थेम्स गावाजवळ कौआएरंगा नावाचं खोरं आहे. तिथे डान्सर्स कॅम्पचं धरण दुरुस्त करून उभं ठेवलंय. पिनॅकल्स शिखरांच्या वाटेवर कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात, त्या माल वाहणाऱ्या घोड्यांसाठी होत्या, गिर्यारोहकांसाठी नाही! ग्रेट बॅरियर बेटावर कैआरारा इथे 1926 चं सुंदर धरण होतं. मी ते पाहायचं ठरवत राहिले आणि 2014 च्या जूनमधल्या वादळात ते वाहून गेलं. पाणी सोडायला बांधलेलं धरण शेवटी पाण्यानेच नेलं. तेव्हा ज्यांना बघायचंय त्यांनी बघून घ्या.

आणि इकडे कॅश शोधताना पायवाट सोडायची नाही म्हणजे नाही. कौरीच्या मुळांना मारणारा एक रोगजंतू मातीतून पसरतो, बुटाला लागलेल्या चिमूटभर मातीतूनसुद्धा. वाटेच्या तोंडाशी बूट घासायची आणि फवारायची सोय असते. ती टाळून जाणाऱ्या जिओकॅशरला मी तिथल्या तिथे झापते, ओळख असो वा नसो.

सॅमनबघ्या:

अमेरिकेतल्या ऑरेगनमधून. ही चर्चा वाचून मजा वाटली, कारण जिओकॅशिंग जन्मलं इथे. 2 मे 2000 ला अमेरिकन सरकारने जीपीएसच्या संकेतात मुद्दाम घातलेली अचूकतेची खोट काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मरने बीव्हरक्रीकजवळ पहिली बादली लपवली. आणि याच राज्यातल्या ओढ्या-ओढ्यांवर तुमची ती ओंडके सोडायची धरणं होती.

पण माझा सूर थोडा वेगळा आहे. पाटकरीकाका ज्याला कोसभर घडवलेला ओढा म्हणतात, त्याला आमच्याकडचे मासेवाले जखम म्हणतात. धरण फोडल्यासारखं पाणी वारंवार सोडलं की तळातला गोटा-वाळू सगळी धुऊन जाते, नुसता कातळ उरतो. सॅमन मादी अंडी घालते ती गोट्यांत खड्डा करून. कातळात काय घालणार? धरणं जाऊन कित्येक दशकं झाली तरी काही ओढ्यांत गोटे परत आलेले नाहीत. आता मुद्दाम मोठे ओंडके ओढ्यांत आडवे टाकतात, त्यांच्यामागे गोटे साठावेत म्हणून. आधी ओंडके काढायला पैसे, आता घालायला पैसे.

म्हणून आमच्याकडे धरणाची भिंत सापडत नसेल तर मी तळ बघतो. आधी गोट्यांचा असलेला ओढा एकाएकी लांबवर नागडा कातळ झाला, तर वर कुठेतरी धरण होतं का ते बघायला लागतो.

पाटकरी:

सॅमनबघ्या, तुमचं म्हणणं खोडून काढत नाही. इकडेही सरळ केलेल्या ओढ्यांत आता पुन्हा धोंडे टाकतात, माशांसाठी. ते करताना कडेच्या जुन्या भिंती मोडायच्या की ठेवायच्या यावर वारसावाले आणि मासेवाले यांची जुंपते. मला विचाराल तर सगळ्या ठेवायची गरज नाही. एका ओढ्याचा एक सलग भाग, धरणापासून खालच्या तळ्यापर्यंत, आहे तसा राखा आणि बाकीचे माशांना देऊन टाका. दहा ठिकाणी दहा तुटके तुकडे राखण्यात अर्थ नाही, त्यातून यंत्र समजत नाही.

उत्तरध्रुवी:

सगळ्यांचे आभार! भिंतीत डबी ठेवायचा विचार रद्द, पंडितांनी झोपेतही तक्रार करू नये.

काल त्याच ढिगाशी पुन्हा गेलो. काका, उंबरठा दिसला! पाण्यात आडवा, काळा, वर शेवाळ. आणि ओढ्याच्या डाव्या काठाला वळणावर भिंत, गुडघ्याएवढी, मागून माती आणि मुळांनी झाकलेली. आम्ही दर वेळी तिच्यावरूनच चालत होतो. नवऱ्याने तळ्याच्या काठाची ती रेघ माझ्याआधी ओळखली आणि आता तोच "धरण साधारण दोन मीटरचं असणार" असं ऐटीत सांगत फिरतोय.

तर आता बेत असा. एका जागेची साधी कॅश करण्याऐवजी टप्प्यांची करायची. पहिला टप्पा धरणापाशी: तिथे डबी नाहीच, फक्त निरीक्षण. दाराच्या काठावरचे लोखंडी गज मोजायचे, भिंतीतल्या खाचा मोजायच्या, त्या आकड्यांतून पुढचे अक्षांश-रेखांश निघतील. दुसरा टप्पा खालच्या वळणावरच्या भिंतीपाशी, तिथेही एक प्रश्न. खरी डबी त्याच्याही पुढे, पाण्यापासून लांब, एखाद्या पडक्या झाडाखाली. म्हणजे येणाऱ्याला ओढ्याकडेने चालावंच लागेल. कसं वाटतं?

नियमपंडित:

झकास. मालकाचं पत्र मिळव, डबी पाण्याच्या पातळीच्या बरीच वर ठेव आणि हिवाळ्यात पहिला टप्पा बर्फाखाली जातो हे वर्णनात लिही. नाहीतर जानेवारीत कुणीतरी गज शोधायला फावडं घेऊन येईल.

कौरीच्या_देशात:

वर्णनात धरण कसं चालायचं तेही लिही गं, दोनच ओळी नको. आणि वितळत्या बर्फाच्या दिवसांत उंबरठ्यावर उभं राहू नका हेही. ओला ओंडका बर्फापेक्षा घसरडा असतो.

पाटकरी:

बेत उत्तम. एकच सुधारणा. गज मोजायला लावू नका. गंजून एखादा मोडला किंवा गवतात गेला की तुमचं कोडं चुकेल आणि लोक भलत्याच झाडाखाली उकरत बसतील. शिवाय गज हलतोय का ते बघायला दहापैकी चार जण तो ओढून बघणारच. त्याऐवजी दाराची रुंदी पावलांत मोजायला सांगा, आणि पावलं प्रत्येकाची वेगळी म्हणून उत्तर पर्यायांत द्या: दोन मीटरहून कमी, दोन ते चार, चारहून जास्त. दुसऱ्या टप्प्याला विचारा की भिंत ओढ्याच्या कोणत्या काठाला आहे आणि वळण कोणत्या बाजूला. उत्तर द्यायला माणसाला थांबून पाणी कुठून कुठे जातं ते बघावं लागेल, आणि कशालाही हात लावायची गरज नाही.

नातीला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, पहिली सही आमची. ऑगस्टअखेरपर्यंत आहे मी इथे, त्याआधी मंजूर करून घ्या.